भास ओला नसतो

१२ मार्च

पोस्टमनची आज मी भर दारात लाज काढली, आणि ती तुझ्यामुळे. तुझ्या पत्रावर तारीख एक, आणि पत्र माझ्या हातात पडतं बारा तारखेला. मी म्हटलं, अकरा दिवस माझ्या नातीचं पत्र उशाशी घेऊन झोपला होतास का रे? तर तो बिचारा पाकीट उलटं करून दाखवतो, "आजी, शिक्का बघा, दहाचा आहे." म्हणजे लबाडी तुझी. पत्र लिहायचं आणि नऊ दिवस पर्समध्ये घेऊन हिंडायचं. आता तो माझ्या दाराशी सायकलवरून उतरणार नाही, लांबूनच पत्र भिरकावेल.

असो. भिंगरे, आशीर्वाद. फोन कर म्हणू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मला ऐकू येतं अर्धं. अर्धं रडणं ऐकून मी काय करू? लिही. कागदावर नाक ओढलेलं कळत नाही, मुद्दा तेवढा कळतो.

आता मुद्दा. तुझा तो नकाशेवाला गेला त्याला चार महिने झाले. भांडण नाही, आरडाओरडा नाही, दोन खोकी भरली आणि गेला. चार वर्षं एका खोलीत राहिलात, आता ती खोली तुला खायला उठते, पण सोडवत नाही. करार एप्रिलच्या तीस तारखेला संपतो. घरमालकीण विचारते, राहणार का जाणार. तुझी आई तासाभराच्या अंतरावर एकटी राहते, तिच्या घरी तुझी खाट अजून तशीच आहे. सरळ उत्तर आहे. पण तू मला लिहितेस काय, तर संध्याकाळी दुकानातून आलीस की टॉवेल न्हाणीच्या दाराच्या वरच्या कडेवर तिपदरी टाकलेला असतो, त्याच्यासारखा. खुर्ची खिडकीकडे फिरवलेली, त्याच्यासारखी. कप कट्ट्यावर पालथा, त्याच्यासारखा. आणि टॉवेल ओला.

तू म्हणतेस भास. मी तीस वर्षं लॉजवर खोल्या झाडल्या. पाहुणा गेलेल्या खोलीत शिरलं की चादर उचलायच्या आधी मला कळायचं की एकटा होता का दोघं होती, हसून गेली का रुसून. खोली खोटं बोलत नाही, बाई. आणि भास ओला नसतो. तुझ्या मागे त्या खोलीत कोणीतरी येतंय. त्याच्याकडे किल्ली आहे का? असेल तर कुलूप बदल, आजच.

नाही बदलवत? मग निदान एवढं कर. सकाळी दार ओढून घेताना शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा, दोन बोटं लांब, चौकटीत अडकव. जमिनीपासून एक वीत वर, तिथे कोणाची नजर जात नाही. संध्याकाळी आधी दोरा बघ, मग दार उघड. दोरा पडलेला असला तर मला लिही. पुढचं मी बघते.

आजी


१९ मार्च

आजी,

पत्र मी लिहिलं त्याच दिवशी पेटीत टाकलं होतं. तारीख नऊ होती, एक नव्हे. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या नातीची आजी नऊला एक वाचते, हे दुकानात कोणाला सांगू नकोस. तुझा नंबर वाढलाय. तपासून घे, मी भिंगं घासून पाठवते.

किल्ली त्याच्याकडे आहे. मागायची कशी? आणि आजी, कुलूप मी बदलणार नाही. तू ओरडशील, ओरड. तुला खरं सांगते. दारावर ओला टॉवेल दिसला की मला भीती वाटत नाही. बरं वाटतं. मी त्याला हात लावून उभी राहते. येत असेल तर येऊ दे. समोर येणं जमत नसेल त्याला. तसाच आहे तो, भांडी धुऊन सॉरी म्हणणारा. उद्या मी रिकामी खोली मालकिणीच्या ताब्यात दिली आणि परवा तो आला तर?

दोरा मात्र लावला आजपासून. तुझ्या समाधानासाठी.

दुकानात वेगळीच कटकट. एक शिवणकाम करणाऱ्या बाई चष्मा घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी भिंतीला धरत परत आल्या. जमीन तिरकी दिसते म्हणाल्या, जिन्यावरून पडता पडता वाचल्या. भिंग घासताना ते कोणत्या बाजूला फिरवून बसवायचं, त्याचा अंश कार्डावर लिहिलेला असतो. त्यांचा होता नव्वद, आणि घासणाऱ्या काकांनी घासलं दहावर. मी कार्ड भरून दिलं होतं, काकांनी नीट वाचलं नाही. साठी उलटली त्यांची. शेठ सगळ्यांसमोर त्यांना वाटेल ते बोलले. मला वाईट वाटलं, पण काय करणार.

तुझी,
भिंगरी


२५ मार्च

माझा नंबर वाढलाय म्हणतेस? शेजारीण औषधाच्या बाटल्या माझ्याकडून वाचून घेते, त्याही मुंगीएवढ्या अक्षरातल्या. ऐक. अक्षरं मी चाळिशीत शिकले, आजही धाप लागल्यासारखी वाचते. पण आकडे मी त्याआधी शिकले, लॉजच्या दारांवरचे. खोली नऊ आणि खोली एक यांत माझी गल्लत झाली असती तर पहिल्याच दिवशी हाकलली असती मला. तुझ्या पत्रावर एक होता. पत्र ठेवलंय मी. वाद नको.

"येत असेल तर येऊ दे" म्हणे! ती खोली आहे का धर्मशाळा? चोरासारखं यायचं, टॉवेल ओला करून जायचं, आणि ह्या बाईसाहेब त्याला हात लावून उभ्या. लॉजवर अशी गिऱ्हाइकं असायची. खोली सोडून गेलेली, आणि महिन्याने येऊन म्हणायची, मावशी, तीच खोली द्या. मी द्यायचे नाही. म्हणायचे, भरलीय. रिकामी असली तरी. तीच खोली मागणारा माणूस झोपायला येत नाही, बसून राहायला येतो.

दोऱ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस. आठवडा झाला. दुसऱ्या कशाचं मला कौतुक सांगू नकोस, दोऱ्याचं लिही. आणि आईला फोन कर. ती तुझ्या खाटेवरची चादर दर रविवारी बदलते, हे तिने सांगितलेलं नाही मला, पण मी तिला ओळखते.

आजी


२ एप्रिल

आजी,

दोरा रोज जिथल्या तिथे आहे.

चौदा दिवस झाले, रोज सकाळी लावते, रोज संध्याकाळी आधी वाकून बघते. एकदाही पडलेला नाही. आणि चौदापैकी आठ दिवस टॉवेल दारावर होता. ओला. खुर्ची खिडकीकडे. खिडकी तिसऱ्या मजल्यावरची, बाहेर धरायला पाइपसुद्धा नाही. मी माझा टॉवेल सकाळी बाल्कनीतल्या दोरीवर टाकते, आजी. चार वर्षं टाकतेय. मला तो टाकलेला आठवतोय.

मग कोण येतं?

आईला फोन केला, तुझ्या सांगण्यावरून. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं कधीतरी तुझ्यावर येईल. मलाही लहानपणी व्हायचे भास. बाबा गेल्यावर मला दाराशी बाबा ऐकू यायचे. आपल्या रक्तात आहे ते." तिने म्हणे लग्नाआधी माझ्या बाबांनाही हे सांगून टाकलं होतं, फसवणूक नको म्हणून. आणि मी झाले तेव्हा वर्षभर माझ्याकडे बघत बसायची, की मी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हसते का. मला हे कधीच माहीत नव्हतं. तुला होतं?

दुकानात परत तेच झालं. ह्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांचं भिंग, पुन्हा नव्वदचं दहा. शेठ म्हणाले, महिनाअखेर काकांना घरी बसवतो, हात आणि डोळे दोन्ही गेलेत. काका कार्ड उन्हात धरून बघत राहिले.

आजी, मी वेडी होतेय का? गोड बोलू नकोस. तुला येतही नाही.

भिंगरी


१४ एप्रिल

आजी,

बारा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नाही, का बोलायचं नाही? सगळ्या जगाला उत्तरं देणारी तू, आणि मी सरळ प्रश्न विचारला तर गप्प. म्हणजे उत्तर "हो" आहे, असंच ना?

मग ऐक. मी खोली सोडत नाही. वेडच लागायचं असेल तर ओळखीच्या खोलीत लागू दे. आईकडे गेले तर ती पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत बसेल. मालकिणीला हो म्हटलंय, वीस तारखेला दोन वर्षांच्या करारावर सही करणार.

भिंगरी


१६ एप्रिल

सही केलीस तर हात मोडून ठेवीन. शेजारणीचा जावई उद्या तिकडे येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय, म्हणजे तुझ्या वीस तारखेच्या आत पोचेल. बसून वाच. लांबलचक आहे. मला हे लिहायला तीन दिवस लागलेत आणि त्याआधी नऊ दिवस मी घाबरून बसले होते. हो, मी. का ते कळेल.

तुझा दोरा जागच्या जागी आहे हे वाचलं आणि माझं डोकं चालेना. तीस वर्षांत दोऱ्याने मला फसवलं नव्हतं. म्हटलं, समोरासमोर विचारावं. तुला न सांगता बसने गेले तुझ्या नकाशेवाल्याच्या ऑफिसात. तोंडात शिव्यांची पुरचुंडी बांधूनच गेले होते. तो उठून उभा राहिला, स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं. मी म्हटलं, "किल्ली दे." तो म्हणाला, "आजी, किल्ली मी पहिल्याच आठवड्यात पाकिटात घालून पाठवली. मिळाली म्हणून तिचा मेसेजही आला होता." आणि दाखवला मला.

भिंगरे, तू मला खोटं बोललीस. किल्ली तुझ्याच घरात आहे. तो येऊ शकतो असं म्हणता यावं म्हणून ती तू त्याच्या खिशात राहू दिलीस. ह्यावर मी ओरडणार नाही. नंतर ओरडेन.

निघताना त्याने कागदावर फोन नंबर लिहून दिला, काही लागलं तर कळवा म्हणाला. बसमध्ये बसून मी तो वाचला. त्यात तीन एक होते. पण त्याने मला नंबर तोंडानेही सांगितला होता, आणि त्यात एकही एक नव्हता. नऊ होते. वरची गाठ अर्धवट सोडलेली, खालचं शेपूट सरळ ओढलेलं. नकाशात दाटीवाटीने आकडे लिहिणाऱ्याचे नऊ. घरी आले, तुझी पत्रं काढली. जुनी, तू नोकरीला लागलीस तेव्हापासूनची. तुझा नऊ कसा होता माहीत आहे? पोटुशा बाईसारखा, गोल. तो गेला त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून तुझा नऊ त्याचा झालाय. पोस्टमनशी मी भांडले ते त्याच्या नऊवरून. आणि तुझ्या त्या काकांनी नीट वाचलं नाही म्हणतेस? म्हाताऱ्याने तुझा नऊ जसा दिसतो तसाच वाचला.

तुझ्या खोलीत कोणी येत नाही, पोरी. सकाळी अंघोळ करून टॉवेल दारावर तिपदरी तूच टाकतेस, म्हणून तो संध्याकाळपर्यंत वाळत नाही. खुर्ची तूच फिरवतेस. कप तूच पालथा घालतेस. दोरीवर टाकल्याचं तुला आठवतं ते चार वर्षांचं आठवतं. माणूस निघून गेला, त्याच्या हातांची सवय तुझ्या हातांत राहून गेली. तू वेडी नाहीस. मला कसं माहीत, ते सांगते, आणि मग तुला माझी जी काही किंमत आहे ती कमी होईल. होऊ दे.

तुझा आजोबा वखारीत ओंडके कोसळून मेला असं तुला सांगितलंय. तुझ्या आईलाही. ते ओंडके मीच पाडले, तोंडाने. तो मेला नव्हता. दुसरीकडे संसार मांडायला गेला, चांगला भांग पाडून, दिवसाढवळ्या. तुझी आई सहा वर्षांची. बाप टाकून गेला हे तिला सांगण्यापेक्षा मेला हे सांगणं मला सोपं वाटलं. कोणासाठी सोपं, ते विचारू नकोस.

वखारीतल्या भुशाने त्याचा घसा कायम धरलेला असायचा. घरात शिरायच्या आधी दाराशी थांबायचा आणि दोनदा खाकरायचा. तो गेला आणि मी खाकरायला लागले. मला पत्ता नाही. लॉजवरून यायचे, दोन्ही हातांत ओझं, दाराशी टेकायचे, दोनदा खाकरायचे. आतून तुझी आई "बाबा आले!" करत धावत यायची. दार उघडायची तर मी.

पहिल्यांदा मी तिला समजावलं. मग दटावलं. मग एक दिवस मारलं. म्हटलं, तुला भास होतात, गप्प बस, लोक वेडी म्हणतील. वर्षभराने एकदा खाकरता खाकरता मला स्वतःलाच ऐकू आलं. ओझं दाराबाहेरच खाली ठेवलं मी. तेव्हा तिला सांगायला हवं होतं, बाळ, तुला बरोबर ऐकू येत होतं. खाकरणं खरं होतं. माणूस तेवढा नव्हता. पण ते सांगायचं तर ओंडक्यांचंही सांगावं लागलं असतं. नाही सांगितलं. ती धावत यायची आपोआप थांबली आणि मला वाटलं, मिटलं.

तुझ्या पत्रात वाचलं, "आपल्या रक्तात आहे ते." चाळीस वर्षं माझी पोर स्वतःला वेडी समजत होती. नवऱ्याला सांगून लग्न केलं, पाळण्यातल्या तुझ्याकडे घाबरून बघत बसली. रक्तात काही नाही. माझ्या घशात होतं.

मी दाराशी दोनदा खाकरते, हे तू लहान असल्यापासून ऐकत आलीस. आजी आली, म्हणायचीस. ती आजी नव्हे.

आता उद्या सकाळी अंघोळ झाली की घाई करू नकोस. हात कुठे जातो ते फक्त बघ. आणि सही करू नकोस. त्या खोलीत तू त्याची वाट बघत नाहीस, तू त्याच्या बदली त्याची कामाची पाळी करतेस, रोज हजेरी लावून. काकांना माझा नमस्कार सांग. त्यांची नोकरी तुझ्या हातात आहे.

आजी


२१ एप्रिल

आजी,

सकाळी बघितलं. टॉवेल हातात घेतला, बाल्कनीकडे जायचं म्हणून वळले, आणि हात वर गेला. दाराच्या कडेवर. तीन घड्या घालून. माझाच हात होता आणि मला तो अडवता आला नाही. मी खाली बसले. बराच वेळ. रडले नाही, तुझ्या माहितीसाठी. तो खरंच गेलाय, हे मला पाच महिन्यांनी आज कळलं. इतके दिवस तो रोज येत होता.

दुकानात उशिरा गेले. शेठला दोन्ही कार्डं दाखवून सांगितलं, चूक माझी, काकांची नाही. शेठ बोलले ते लिहीत नाही. नोकरी आहे, पण कार्डं महिनाभर दुसरी मुलगी भरणार, मी फक्त फ्रेमा पुसायच्या. काकांनी काचेपलीकडून बघितलं, म्हणाले, "पोरी, मलाही वाटत होतं एकच आहे. पण तू नऊच लिहिला म्हणालीस, म्हणून बोललो नाही." संध्याकाळी जुन्या कार्डांच्या मागे नऊ गिरवत बसले. पहिले वीस त्याचेच आले.

सही केली नाही. मालकिणीला सांगितलं, तीसला खोली रिकामी. रविवारी सामान आईकडे नेतेय.

आणि आता मला भीती वाटतेय ती वेगळीच. आईला काय सांगू? ती रोज फोनवर विचारते, आज काही दिसलं का. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये आहे. ते दाखवलं तर तिला कळेल ती कधीच वेडी नव्हती. आणि तिचे बाबा मेले नव्हते. एक दिलं की दुसरं द्यावंच लागतं. तू सांगशील तसं करते. हवं तर मी तिला हळूहळू, माझ्या पद्धतीने सांगते. तुझं नाव मध्ये येऊ देणार नाही.

एक विचारू? तुझं थांबलं का कधी? का मीही साठ वर्षांची होईपर्यंत दारावरच टाकत राहीन?

भिंगरी


२६ एप्रिल

"तुझं नाव मध्ये येऊ देणार नाही" म्हणे! पांघरूण घालायला निघालीस माझ्यावर? ते काम मी चाळीस वर्षं केलंय, काय निघालं त्यातून ते बघतेच आहेस.

नाही थांबलं. खोटं कशाला सांगू. काल दूध घेऊन आले, दाराशी दोनदा खाकरले. फरक एवढाच की आता कोण खाकरतंय ते मला माहीत असतं. मग मी त्याला म्हणते, झालं? सरक. आणि कुलूप उघडते. तो खरोखर मेला त्यालाही आता पंधरा वर्षं झाली, कुठून तरी कळलं होतं. त्या दिवशी मी दोन खोल्या जास्त झाडल्या, बाकी काही नाही. तुझा टॉवेलही कधीमधी दारावर जाईल. काढायचा आणि दोरीवर टाकायचा. त्यात मोठं काही नाही. काय चाललंय ते माहीत नसणं, ते वाईट.

आता तुझी आई. हळूहळू नाही, तुझ्या पद्धतीने नाही. माझं मोठं पत्र आणि हे पत्र, दोन्ही तिच्या हातात दे. सकाळी दे, पोट भरलेलं असताना दे, आणि चप्पल घालून बाहेर जा. तासभर फिर. समजवायला बसू नकोस. आजी तेव्हा एकटी होती, आजीवर वेळ वाईट होती, असलं काही बोललीस तर याद राख. एकटी मी होते हे खरं, पण दाराच्या आत ती माझ्याहून एकटी होती. मी मारलं तेव्हा ती रडली नव्हती. कान झाकून उभी राहिली होती. मला वाटलं, माराला घाबरली. आता वाटतं, ऐकू येऊ नये म्हणून झाकले असतील.

तिला मी लिहायला हवं, तुला नव्हे. तीन कागद फाडले. तिचं नाव लिहिलं की पुढे हात चालत नाही. म्हणून तुझ्या पाकिटातून पाठवतेय. हाही भित्रेपणाच आहे, तिला तसं सांगितलंस तरी चालेल.

आणि उत्तर तिने द्यायचं. तू नाही. तुझं पत्र आलं तर न फोडता परत करीन. तिला वर्ष लागलं तर लागू दे, मी कुठे पळून जात नाही. शिव्या असतील तर शिव्या लिही म्हणावं, काही सुचलं नाही तर कोरा कागद घाल म्हणावं. पण पाकिटावरचं अक्षर तिचं पाहिजे.

आजी